फरशी उचला, मग किट मागवा

वाचकाचं पत्र:

"नमस्कार दादा. आम्ही अनगोळला राहतो. घरामागं परडं आहे, साधारण वीस बाय सोळा. एक नारळ, एक कढीपत्ता, बाकी सगळीकडं शहाबादी फरशी. मुलगा पुण्याला असतो. यंदा आमच्या लग्नाला तीस वर्षं होतात म्हणून त्याला परड्यात मेटलचा पर्गोला, म्हणजे वर पट्ट्या असलेला मांडव, बसवून द्यायचा आहे. त्यानं फोनवर दोन-तीन किट दाखवले. बारा बाय दहा, अ‍ॅल्युमिनियमचे, वरच्या पट्ट्या उघडतात-मिटतात. 'आई, दोन माणसं चार तासांत जोडतात' असं म्हणतो. मिस्टरांचं म्हणणं, अ‍ॅल्युमिनियम वाऱ्यात वाकतं, उद्यमबागेतल्या, म्हणजे आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या, कुणाकडून तरी लोखंडी करून घेऊ. सासूबाई म्हणतात, मांडवच घालायचा तर वेल चढवा, पट्ट्या कशाला? मला उन्हाळ्यात दुपारचा चहा तिथं घ्यायचा आहे आणि पावसाळ्यात धुणं वाळत घालायचं आहे. कुठला घ्यावा? आणि फरशीवर बोल्ट मारून बसेल का?"
— एक वाचक, अनगोळ, बेळगाव

ताई,

शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण मी तिथूनच सुरू करतो. फरशीवर बोल्ट मारून बसेल का? बसेल. पहिल्या वळवापर्यंत बसेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. उद्यमबागेत उभा जन्म वेल्डिंगच्या ठिणग्यात काढलेला माणूस मी. लोकांचे गेट, जिने, शेड बनवले. आणि स्वतःच्या घरामागं, हिंडलग्याला, दहा बाय दहाचा सांगाडा केला तेव्हा आळस केला. फरशी चांगली बसलेली होती, फोडायचं जीवावर आलं. चार पायांना चार पाट्या वेल्ड केल्या, फरशीत भोकं पाडली, अँकर फास्टनर ठोकले, वर पत्रे टाकले. हलवून बघितलं, तसूभर हललं नाही. एप्रिलच्या शेवटी संध्याकाळी वळीव आला. बेळगावचा वळीव तुम्हाला सांगायला नको. आधी धूळ, मग आंब्याची पानं, मग एकदम तो एक झोत. दहा मिनिटांनी बाहेर आलो तर माझा सांगाडा शेजाऱ्याच्या पेरूवर आडवा पडलेला, आणि चारही पायांत फरश्या, चपला घातल्यासारख्या. बोल्ट एकही निघाला नव्हता. बोल्टनं आपलं काम केलं होतं, फरशीनंही केलं होतं. फरशीच्या खाली तिला धरून ठेवणारं कुणी नव्हतं एवढंच.

आता याचा हिशोब बघा, सोपा आहे. दोन बाय दोनची, इंचभर जाडीची शहाबादी फरशी साधारण पंचवीस किलोची. चार खांबांखाली चार फरश्या, म्हणजे शंभर किलो. वाऱ्याचा जोर काढायचं एक सूत्र असतं: वेग मीटर-सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, ०.६ नं गुणायचं. इमारतींच्या हिशोबासाठी भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात गावागावाचा वेग दिलेला आहे. पुणे आणि पणजीला सेकंदाला ३९ मीटर, बेंगळूरला ३३. परड्यातलं बांधकाम बुटकं, आजूबाजूला घरं, म्हणून आपण ३० च धरू. तासाला १०८ किलोमीटर. सूत्रातून दर चौरस मीटरला ५४० न्यूटन येतात, म्हणजे सुमारे ५५ किलोचा दाब. तुमचं बारा बाय दहाचं छप्पर ११ चौरस मीटरच्या थोडं वर. म्हणजे वरच्या पट्ट्या मिटलेल्या असताना खालून वारा शिरला तर तो सहाशे किलोच्या आसपास जोर लावून छप्पर उचलायला बघतो. सहाशेसमोर तुमच्या शंभर किलोच्या फरश्या, आणि वर किटचं स्वतःचं वजन. ते खोक्यावर छापलेलं असतं, मुलाला बघायला सांगा.

आणि हे वेगाच्या वर्गानं वाढतं. वारा दुप्पट झाला की जोर चौपट. "आमच्याकडं एवढा वारा नसतो" असं म्हणणारे असतात. रोज नसतो, खरंच. वर्षातनं एखाद्या संध्याकाळी पाच मिनिटं असतो.

म्हणून किट मागवायच्या आधी एक काम करा. जिथं खांब येईल असं वाटतं तिथली एक फरशी पहारीनं उचला आणि दोन फूट खणून बघा. तांबडी माती आणि खाली मुरूम लागला तर देवाला हात जोडा, काम सोपं झालं. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट खोल असा खड्डा, त्यात एकास दीडास तीनचं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. असा एक ठोकळा भरतो तीनशे किलोच्या वर, चार मिळून बाराशे. सहाशेला बाराशे, म्हणजे झोप लागेल. सिमेंट चारही खड्ड्यांना मिळून चार-पाच पोती लागतं. किटच्या किमतीपुढं हा खर्च काहीच नाही, पण नेमका हाच लोक वाचवतात.

काळी माती लागली तर मात्र गोष्ट वेगळी. अनगोळ, वडगाव, शहापूरकडं शेताचे प्लॉट पडून घरं झालेली आहेत, वर तांबडी भर आणि खाली काळं असंही निघतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगा पडतात. त्या वर-खाली होण्यात एक खांब इंचभर वर गेला की पर्गोल्याची चौकट पिळवटते, आणि ज्या पट्ट्या उघडायच्या-मिटायच्या त्या अडकून बसतात. अशा जमिनीत तीन फूट तरी खाली जा, तळाला मुरूम भरून धुम्मस करा, आणि चारही ठोकळे वरच्या बाजूनं सळई घातलेल्या काँक्रीटच्या पट्ट्यानं एकमेकांना जोडून घ्या. गवंड्याला "प्लिंथ बीमसारखं" म्हटलं की कळतं.

आता किट की लोखंड.

मिस्टरांचं "अ‍ॅल्युमिनियम वाकतं" हे अर्धं खरं आहे. पातळ अ‍ॅल्युमिनियम वाकतं. जाड वाकत नाही. विकणारा जाडी सांगत नाही, तो "प्रीमियम" सांगतो. त्यावर उपाय तुमच्या घरातच आहे, वजनकाटा. तीन इंची चौकोनी, आठ फुटी अ‍ॅल्युमिनियमचा खांब दोन मिलीच्या भिंतीचा असेल तर पावणेचार किलोच्या पुढं भरतो. एक मिलीचा असेल तर दोन किलोही भरत नाही. तोच लोखंडी, दोन मिलीचा, अकरा किलो. खोकं आलं की पहिल्यांदा खांब उचलून काट्यावर ठेवा. किंवा व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा. बेळगावात हे सोपं आहे, गल्लीत एक तरी माणूस फाउंड्रीत किंवा मशीन शॉपला असतो आणि त्याच्या खिशात व्हर्नियर असतोच. मुलाला सांगा, ऑर्डर द्यायच्या आधी विक्रेत्याकडून दोन आकडे लेखी मागवायचे: खांबाच्या भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये आणि पूर्ण किटचं वजन. जो हे देत नाही त्याच्याकडनं घ्यायचं नाही. मिश्रधातूचा नंबर सांगितला तर आणखी बरं, ६०६३ हा खिडक्या-दारांच्या पट्ट्यांचा नेहमीचा नंबर, चांगला आहे.

उद्यमबागेतून लोखंडी करून घेणार असाल तर तिथली भाषा गेजची आहे. १८ गेज म्हणजे सव्वा मिलीच्या आत, १६ म्हणजे दीडच्या जरा वर, १४ म्हणजे दोन मिली. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे मिस्टरांना माहीत असेल पण तुम्हीही लक्षात ठेवा, कोटेशनमध्ये गंमत इथंच होते. खांबाला १४ गेजपेक्षा पातळ नको. लोखंडाचा खरा शत्रू वारा नाही, आपला पावसाळा आहे. चार महिने ओल. आणि गंज बाहेरून दिसत नाही, पाईपच्या पोटातून येतो. वरचं तोंड टोपीनं बंद करायचं, खालच्या पाटीजवळ छोटं भोक ठेवायचं, म्हणजे आत जमलेलं पाणी निघून जातं. नुसतं रेड ऑक्साइड आणि वर तैलरंग हे दोन पावसाळ्यांचं काम. गॅल्वनाइज्ड पाईप घेतला तर वेल्डिंगच्या जागी झिंक जळून जातं, तिथं झिंकचा प्राइमर न चुकता मारून घ्यायचा. फॅब्रिकेटर "मारतो की" म्हणतो आणि विसरतो. मी पण विसरायचो.

माझं मत विचारलंत तर तुमच्याकडं अ‍ॅल्युमिनियम चालेल. साठीकडं जाणाऱ्या नवराबायकोनं दर तिसऱ्या वर्षी शिडी लावून रंग मारत बसावं असं मला वाटत नाही. लोखंडाची बाजू एवढीच की मोडलं तर गल्लीत दुरुस्त होतं, आणि किटचा एक कोपऱ्याचा तुकडा तुटला तर त्याच मापाचा मिळेपर्यंत वाट बघावी लागते. म्हणून सुट्या भागांचं काय, हे घेतानाच विचारून ठेवा. आणि वॉरंटीचा कागद पूर्ण वाचा. रंगाची वॉरंटी मोठ्या अक्षरात असते, वाऱ्याचं काय ते बारीक अक्षरात असतं.

एक बारीक गोष्ट, पण दुर्लक्ष करू नका: अ‍ॅल्युमिनियममध्ये साधे लोखंडी स्क्रू मारायचे नाहीत. दोन धातू आणि मध्ये पावसाचं पाणी असलं की एक दुसऱ्याला खातो. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, खाली रबरी वॉशर. फिटरकडचा एखादा स्क्रू कमी पडला की तो डब्यातला कुठलाही काढून मारतो, तिथं उभं राहा.

वरच्या भागावर येऊ. तुमची इच्छा दोन तऱ्हेची आहे, उन्हाळ्यात सावली आणि पावसाळ्यात कोरडं. उघडझाप पट्ट्या दोन्ही देतात असं जाहिरात सांगते. देतात, पण आपल्या गावचं ऊन-पाऊस समजून घ्या.

बेळगाव विषुववृत्तापासून सोळा अंशाच्या आसपास. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, आणि घड्याळात ते बारा वाजता होत नाही, साडेबाराच्या सुमाराला होतं. त्या वेळी उभ्या पट्ट्या काही कामाच्या नाहीत, ऊन सरळ फटीतून खाली येतं. पण तुम्हाला दुपारचा चहा घ्यायचाय. साडेतीनच्या पुढं सूर्य पंचेचाळीस अंशाच्या खाली उतरायला लागतो. पट्टी जेवढी खोल तेवढीच दोन पट्ट्यांमधली फट ठेवली, आणि पट्ट्या उत्तर-दक्षिण लांब टाकल्या, तर साडेतीननंतर एकही कवडसा खाली येत नाही. पट्ट्या पूर्व-पश्चिम टाकल्या तर पश्चिमेचं ऊन दोन पट्ट्यांच्या मधल्या बोळातून थेट तुमच्या कपात. किट जोडताना चौकट कुठल्या बाजूनं फिरवायची हे फिटर बघत नाही, त्याला दाराकडून छान दिसेल ते तो करतो. होकायंत्र फोनमध्ये असतं.

पावसाचं गणित दुसरं. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, जो आपल्याकडं जुलैत नवीन नाही, तर तुमच्या छपरावर तासाभरात साडेपाचशे लिटर पाणी पडतं. गच्चीवरच्या पाचशे लिटरच्या टाकीपेक्षा जास्त. पट्ट्यांच्या किटमध्ये हे पाणी आतल्या पन्हाळीतून खांबाच्या पोटातून खाली उतरतं आणि बऱ्याच वेळा खांबाच्या बुडाशी सुटतं. म्हणजे कुठं? ज्या काँक्रीटसाठी आपण एवढी खटपट केली त्याच्याच कडेला. तिथून पाईप जोडून पाणी चार फूट तरी लांब, नारळाच्या आळ्यात नेऊन सोडा. पन्हाळीच्या तोंडाला जाळी हवी. नाहीतर वळवात पडलेला पाला मृगात तुंबतो. गांधीलमाशा आणि कुंभारीण माशी तर अशा नळीची वाटच बघत असतात.

आणि झड. वरून कितीही बंद केलं तरी पश्चिमेची झड आडवी येते. श्रावणात दोन दिवस सूर्य दिसला नाही की पर्गोल्याखालचं धुणंही आंबट वासाचं होतं, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. दोरी पूर्वेच्या बाजूला बांधा, पश्चिमेच्या कडेपासून तीन-चार फूट आत, तेवढं झडीपासून वाचेल. वाळायचं काम शेवटी घरातला पंखाच करणार.

तर मग काय घ्यावं? मी असतो तर उघडझाप न घेता स्थिर पट्ट्यांचं साधं किट घेतलं असतं. वर दहा मिलीचं पोकळ कप्प्यांचं पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिकची शीट, दुधी रंगाची, आणि त्याला पश्चिमेकडं उतार. फुटाला इंचभर उतार पुरतो. उतरती बाजू पश्चिमेला ठेवण्यात दोन फायदे: झड कमी आत येते आणि मावळतीचं ऊन अडतं. पाणीही पश्चिमेलाच पडणार, तिथं पागोळीखाली चर काढा. या शीटला एक बाजू असते जी उन्हाकडं ठेवायची, त्यावर कागद चिकटवलेला असतो नि लिहिलेलं असतं. उलटी लावली की काही वर्षांत पिवळी पडून तडकते. कप्पे उताराच्या दिशेनं, वरचं तोंड अ‍ॅल्युमिनियम टेपनं पूर्ण बंद, खालचं सच्छिद्र टेपनं, म्हणजे आतला दमटपणा निघतो नि मुंग्या शिरत नाहीत. आणि स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवायचं. तीन मीटरची शीट तीस अंशांच्या फरकानं सहा मिलिमीटर वाढते. घट्ट आवळली तर मेमध्ये फुगते आणि "कड्" असा आवाज येतो. रात्री हा आवाज आला की मिस्टर चोर आला म्हणून उठतील.

पण ताई, पोरानं मन लावून पट्ट्यांचं निवडलंय. तसंच घ्यायचं असेल तर घ्या. मोटारवालं नको, हातानं फिरवायचं घ्या. वळवात लाईट आधी जाते. मोठ्या वाऱ्यात पट्ट्या उघड्या ठेवायच्या की मिटून, हे किटच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ते पान फाडून फ्रीजवर लावा. आणि एक प्रश्न घरात विचारा: वळीव येताना दुपारी चार-पाचला ते फिरवायला घरात कोण असतं? उत्तर "कोणी नाही" असेल तर स्थिर पट्ट्या.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांचं म्हणणं मला आवडलं. पण किटवर मधुमालतीसारखी मोठी वेल नको. ओली वेल जड होते, वारा धरते, आणि आपण वर सहाशे किलोचा जो हिशोब केला तो बिघडतो. त्यांच्यासाठी दक्षिणेच्या दोन खांबांना काथ्या गुंडाळा आणि घोसाळं किंवा कारलं सोडा. हंगामी वेल हलकी, पावसाळा संपला की उतरवून टाकता येते. काथ्या यासाठी की उन्हात तापलेल्या धातूवर कोवळा शेंडा करपतो. रंग घेताना काळपट राखाडी फोटोत फार छान दिसतो म्हणून घेऊ नका, हात लावून बघायचा एप्रिलमध्ये. फिका रंग घ्या.

आता ज्या दिवशी बसवायचं त्या दिवसाबद्दल. चार तासांत दोन माणसं, हे खरं आहे, पण पाया तयार असेल तर. फिटरला फोनवर पहिला प्रश्न हा करा: "खड्डे कोण खणणार?" उत्तर ठरलेलं असतं, "ते तुमच्याकडं." म्हणून क्रम असा: खोकं आधी येऊ दे. त्यातली खांबाखालची पाटी काढून घ्या. तिच्यावरची भोकं प्लायवुडच्या तुकड्यावर उतरवून घ्या आणि त्याच तुकड्यात बाकदार फाउंडेशन बोल्ट अडकवून काँक्रीटमध्ये सोडा, म्हणजे बोल्ट हलत नाहीत. पुस्तकात "बारा बाय दहा" लिहिलं असतं ते छपराच्या टोकापासून टोकापर्यंतचं असतं की खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं, हे नीट बघा. गवंडी आणि फिटर यांची अर्धी भांडणं या तीन इंचांच्या फरकावरून होतात. मग कर्ण मोजा. मध्यापासून मध्यापर्यंत बारा बाय दहा असेल तर दोन्ही कर्ण पंधरा फूट साडेसात इंच यायला हवेत. दोन्ही सारखे आले की चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. चारही ठोकळ्यांची पातळी पाण्याच्या नळीनं काढा, डोळ्यानं नको. ठोकळ्याचा माथा फरशीपेक्षा इंचभर वर आणि बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा, खांबाच्या बुडाशी पाणी थांबता कामा नये.

काँक्रीटला सात दिवस गोणपाट टाकून पाणी मारा. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दिवसातून तीनदा. हे काम सासूबाईंना द्या, नेमानं होईल.

जोडताना सकाळी लवकर सुरू करा. सगळे स्क्रू-नट सुपात काढून मोजून घ्या, पुस्तकातल्या यादीशी ताडून. एखादा प्रकार कमी असेल तर तो फिटर आल्यावर कळण्यापेक्षा आदल्या दिवशी कळू दे. खांब उभे करून ओळंबा लावायचा, वरची चौकट चढवायला तीन माणसं, आणि सगळे बोल्ट आधी हातानंच. चौकट पूर्ण झाली, कर्ण पुन्हा मोजला, मग पाना. एकेक कोपरा आधीच घट्ट करत गेलात तर शेवटचा कोपरा कधीच जुळत नाही, आणि मग फिटर लाथ मारून बसवतो.

दोन-तीन गोष्टी थोडक्यात. नारळाखाली अजिबात नको, एक नारळ नि एक शीट. झावळीच्या टप्प्याबाहेर सरका, वीस बाय सोळात जागा निघेल. हेस्कॉमची (वीज कंपनीची) खांबावरून घरात येणारी वायर परड्यावरून जात असेल तर तिच्याखाली धातूचं काही उभं करू नका, आधी ती हलवून घ्या. दिवा-पंखा लावणार असाल तर सांगाड्याला अर्थिंग आणि त्या लाईनला गळती झाली की पडणारा आरसीसीबी, यात काटकसर नको. विजा चमकायला लागल्या की कप उचलून घरात. आणि मिस्टर "एक बाजू घराच्या भिंतीला ठोकू" म्हणतील, मला माहीत आहे, सगळे म्हणतात. भिंतीपासून फूटभर सुटा ठेवा, नाहीतर त्या सांध्यातून पाणी भिंतीत जिरणार आणि आतल्या खोलीचा रंग फुगणार. वर कायमचं छप्पर घालणार असाल तर हद्दीपासून सोडायच्या जागेचं महापालिकेत एकदा विचारून घ्या. शेजारी चांगले आहेत तोवरच विचारलेलं बरं.

खानापूर-जांबोटीकडच्या एका वाचकानं मागं असंच विचारलं होतं, त्यांच्यासाठी एक ओळ: तिकडं वानरं आहेत, ती शीटवर उडी मारतात. चार-सहा मिलीची शीट नको, किंवा शीटच नको. अथणी-रायबागकडं पाऊस कमी नि ऊन जास्त, तिथं नुसत्या पट्ट्यांवर शेतकऱ्यांची शेडनेट ताणली तरी भागतं, पावसाळ्यात काढून ठेवायची.

वेळेचं म्हणाल तर होळीच्या आत खड्डे भरा, पाडव्याला खांब उभे करा. वळीव त्यानंतर येतो. खड्डा खणल्यावर कुठली माती लागली ते कळवा, आणि खांब वजनकाट्यावर किती भरला तेही.